अवकाशयानांतील अणुशक्ति व लोकांची सुरक्षितता

शनि हा ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारें साडेनऊ पट दूर आहे. अंतर वाढलें म्हणजे प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो, हें आपण पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलांच असाल. त्या हिशेबानें शनीजवळ पोंचणारें ऊन आपल्या अंगणांतील उन्हाचा जेमतेम शंभरावा हिस्सा होय. अशा ठिकाणीं धाडलेल्या यंत्रानें छायाचित्रें घ्यावींत, मोजमापें करावींत आणि शंभर कोटींहून अधिक किलोमीटरांवरून तीं आपणांस कळवावींत, अशी इच्छा असेल तर त्यास वीज कोठून पुरवावयाची? शास्त्रज्ञांनीं या अडचणींतून एक मार्ग काढला खरा. परंतु त्या मार्गानें दुसरी एक अडचण, तीही पृथ्वीवर राहणाऱ्या माणसांची, उभी केली. तिचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. पालकवर्गानेंही तो वाचावा अशी आमची विनंती आहे.

तो मार्ग असा. प्लुटोनियम-२३८ नांवाचा एक पदार्थ मुद्दाम तयार करावा लागतो. त्याचे अणु आपोआप फुटत असतात व त्यांतून उष्णता निघते. राखेखालीं झांकलेला निखारा रात्रभर धुगधुगत राहतो, त्याप्रमाणें हा पदार्थ वर्षानुवर्षें तप्त राहतो. सुमारें ८८ वर्षें लोटलीं तरी त्याची अर्धी ऊब शिल्लक असते. दोन निरनिराळे योग्य पदार्थ जोडून त्यांचें एक टोंक या उष्णतेनें तापवलें व दुसरें थंड ठेवलें म्हणजे त्यांतून विजेचा प्रवाह वाहूं लागतो. यांत फिरणारें चाक नाहीं, कीं तेल घालावें लागत नाहीं. १९७७ सालीं निघालेलीं व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें याच शिदोरीवर सर्व ग्रहांच्या पलीकडे गेलीं.

आतां भीति कशाची? प्लुटोनियम-२३८ मधून निघणारे आल्फा किरण एका कागदानें अडतात. आपल्या कातडीच्या वरच्या थरांतूनही ते आंत शिरत नाहींत. परंतु याच पदार्थाची बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली तर ती तेथें दीर्घकाळ राहते, जवळच्या पेशींवर सतत मारा करते, आणि त्यांतून पुढें कर्करोग संभवतो. म्हणजे घट्ट बंद असलेला गोळा फारसा भयंकर नाहीं. त्याची धूळ झाली तर ती भयंकर आहे. हा एक भेद ध्यानांत धरला म्हणजे पुढील सारा इतिहास उलगडतो.

ता. २१ एप्रिल १९६४ रोजीं अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतून ट्रान्झिट वर्गाचा एक उपग्रह सोडला. जहाजांस दिशा कळावी हा त्याचा उद्देश होता. त्यांत सुमारें एक किलोग्रॅम प्लुटोनियम होतें. उपग्रह कक्षेंत पोंचला नाहीं. तो परत वातावरणांत शिरून हिंदी महासागरावर फार उंचीवर जळून गेला. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, यंत्र जसें वागावें म्हणून बांधलें होतें तसेंच तें वागलें! यान पडलेंच तर इंधन उंचावर जळून इतकें पातळ पसरावें कीं कोणासही इजा होऊं नये, असें त्या काळीं रचनाकारांचें धोरण होतें. पुढें बलूनांनीं उच्च वातावरणांतील हवेचे नमुने आणले, देशोदेशींची माती तपासली, तेव्हां त्या एक किलोग्रॅमाचा अंश दोन्ही गोलार्धांत सांपडला. दक्षिण गोलार्धांत अधिक. त्याचें मान अत्यल्प होतें हें खरें. परंतु ज्यांच्या शेतांत तो उतरला त्यांनीं तो मागितला नव्हता, आणि आपल्या डोक्यावरून असें कांहीं जात आहे हेंही त्यांस ठाऊक नव्हतें.

या प्रसंगानंतर धोरण उलटें झालें. इंधन पसरूं द्यावयाचें नाहीं, तें कांहींही झालें तरी अखंड राहिलें पाहिजे, असें ठरलें. प्लुटोनियम मातीच्या भांड्यासारख्या कठीण रूपांत भाजूं लागले, जेणेंकरून तें फुटलेंच तर धूळ न होतां मोठे तुकडे व्हावे. त्यावर इरिडियम धातूचें कवच व त्याबाहेर ग्राफाइटचीं जाड आवरणें आलीं. या नव्या धोरणाची परीक्षा लवकरच झाली. १९६८ च्या मे महिन्यांत निंबस नांवाचा हवामान-उपग्रह नेणारें रॉकेट भरकटलें व तें मुद्दाम नष्ट करावें लागलें. त्यांतील इंधनाचीं पात्रें समुद्राच्या तळाशीं पडलीं. पांच महिन्यांनीं तीं बाहेर काढलीं तों अभंग, आणि तेंच इंधन पुढच्या उपग्रहांत पुन्हां वापरलें. काटकसर म्हणावी ती अशी! १९७० सालीं अपोलो-१३ चंद्रावर न उतरतांच परतलें. त्याबरोबरचें प्लुटोनियमचें पात्र पॅसिफिक महासागरांतील टोंगाजवळच्या खोल गर्तेंत गेलें. तेथील हवेच्या व पाण्याच्या तपासणींत गळतीचा मागमूस लागला नाहीं.

तथापि सर्वच देशांनीं एकच मार्ग धरला नव्हता. सोव्हिएट रशियाचे कांहीं टेहळणीचे उपग्रह प्लुटोनियमच्या ऊबेवर चालत नसत. त्यांत युरेनियमची लहानशी अणुभट्टीच असे. काम संपल्यावर ती भट्टी उंच कक्षेंत ढकलून द्यावयाची, म्हणजे ती शेंकडों वर्षें खालीं येणार नाहीं, अशी योजना होती. कॉसमॉस-९५४ या उपग्रहाच्या बाबतींत ती फसली. ता. २४ जानेवारी १९७८ रोजीं तो कॅनडाच्या वायव्य प्रदेशावर कोसळला व त्याचे तुकडे ग्रेट स्लेव्ह सरोवरापासून पूर्वेकडे कित्येकशें किलोमीटर लांबीच्या पट्ट्यांत विखुरले. प्रदेश विरळ वस्तीचा. डेने व इन्युइट लोक तेथें शिकारीवर व मासळीवर गुजराण करणारे. भर हिवाळा असल्यामुळें सरोवरें गोठलेलीं होतीं. कॅनडा व अमेरिका यांच्या पथकांनीं विमानांतून किरणमापक यंत्रें फिरवून सुमारें १,२४,००० चौरस किलोमीटर भूमि धुंडाळली. थेलॉन नदीकांठीं कांहीं तरुण निसर्गाभ्यासासाठीं हिवाळा काढीत होते. त्यांपैकीं दोघांस गोठलेल्या नदींत एक खळगा व त्यांत वेडेवांकडे धातूचे अवशेष दिसले. सुदैवानें त्यांस इजा झाली नाहीं. सांपडलेल्या तुकड्यांत मात्र प्राणघातक किरण सोडणारेही होते, आणि एवढा शोध करूनही इंधनाचा अल्पसाच भाग हातीं लागला. कॅनडानें साठ लक्ष डॉलरांची भरपाई मागितली. १९८१ सालीं रशियानें तीस लक्ष देऊन प्रकरण मिटविलें. त्या शिकाऱ्यांस मासे खावेत कीं खाऊं नयेत या चिंतेंत जे दिवस काढावे लागले त्यांचा हिशेब कोणत्या वहींत मांडावयाचा, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां शनीकडे वळूं. ता. १५ ऑक्टोबर १९९७ रोजीं फ्लॉरिडा प्रांतांतील केप कॅनाव्हरल येथून कॅसिनी हें यान निघालें. त्यांत सुमारें ३३ किलोग्रॅम प्लुटोनियम होतें, म्हणजे १९६४ सालीं जळालें त्याच्या कितीतरी पट. उड्डाणापूर्वीं तेथें लोकांनीं निदर्शनें केलीं. त्यांत शास्त्रज्ञही होते, मिचिओ काकू हे त्यांपैकीं एक. त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन होते. पहिला, रॉकेटचा स्फोट झाला तर काय? दुसरा अधिक सूक्ष्म होता. यान इतकें जड होतें कीं त्यास सरळ शनीकडे फेंकण्याजोगें रॉकेट नव्हतें. म्हणून तें शुक्रास दोनदां वळसा घालून, १९९९ च्या ऑगस्ट महिन्यांत परत पृथ्वीजवळून जाऊन तिच्या ओढीनें वेग घेणार होतें. तो वेग सेकंदास सुमारें १९ किलोमीटर! नेम जरा चुकला व यान वातावरणांत शिरलें तर? असें घडण्याचा संभव दहा लाखांत एकाहूनही कमी, असें नासाचें गणित होतें.

या गणितावर लोकांचा विश्वास बसेना, याबद्दल त्यांस दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. ता. २८ जानेवारी १९८६ रोजीं चॅलेंजर हें यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट होऊन सात जीव गेले. त्याच जातीच्या यानांतून थोड्याच महिन्यांत प्लुटोनियम घेऊन गॅलिलिओ हें यान जावयाचें होतें. चौकशींत रिचर्ड फाइनमन या पदार्थवैज्ञानिकास असें आढळलें कीं, अपघाताचा संभव व्यवस्थापकांच्या मतें लाखांत एक, तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या यंत्रज्ञांच्या मतें सुमारें शंभरांत एक होता. त्या यानांचीं एकंदर १३५ उड्डाणें झालीं व दोन यानें गमावलीं. कोणाचें उत्तर बरोबर निघालें तें विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावें.

कॅसिनी पृथ्वीवरून १,१७१ किलोमीटर उंचीवरून सुखरूप गेलें. २००४ सालीं तें शनीस पोंचलें, आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजीं शनीच्याच वातावरणांत त्यास मुद्दाम जाळून टाकलें. तेव्हां निदर्शकांचें भय व्यर्थ होतें काय? फल चांगलें निघालें म्हणून आधींची शंका मूर्खपणाची ठरत नाहीं. छत्री घेतली व पाऊस आला नाहीं, एवढ्यानें ढग खोटे होत नाहींत. सूर्यप्रकाशावर काम भागवा, हा विरोधकांचा आग्रहही अगदींच पोकळ नव्हता. २०११ सालीं निघालेलें जूनो हें यान गुरूजवळ, जेथें ऊन पृथ्वीच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकें असतें तेथें, मोठमोठ्या सौरपट्ट्यांवर चाललें. शनीच्या शंभराव्या हिश्श्यांत मात्र १९९७ सालच्या पट्ट्यांनीं तें जमलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

१९९२ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण सभेनें याविषयीं कांहीं तत्त्वें मान्य केलीं. अणुशक्ति घेऊन जाणाऱ्या यानाच्या धोक्याची तपासणी उड्डाणापूर्वीं करून ती सर्वांपुढें ठेवावी, आणि यान बिघडून खालीं येऊं लागल्यास इतर राष्ट्रांस वेळेवर सूचना द्यावी, हीं त्यांतील प्रमुख होत. तीं कोणावर कायद्याप्रमाणें बंधनकारक नाहींत.

हा विषय आतां आमच्याही दारांत आला आहे. ता. १४ जुलै २०२३ रोजीं श्रीहरिकोटा येथून निघालेल्या चंद्रयान-३ च्या वाहक भागांत, मुंबईच्या तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें तयार केलेलीं, किरणोत्सर्गी पदार्थापासून ऊब देणारीं दोन लहान उपकरणें होतीं. त्यांची शक्ति अगदीं अल्प, प्रत्येकीं सुमारें एक वॉट. कॅसिनीशीं त्यांची तुलनाच नको. यान चंद्रावर उतरल्याचा आनंद आपल्या शाळाशाळांतून २३ ऑगस्ट रोजीं साजरा झाला. त्या दोन उपकरणांची वार्ता वृत्तपत्रांतून सामान्य वाचकांपर्यंत आली ती त्यानंतर कांहीं महिन्यांनीं.