रक्त व रक्ताभिसरण : वरच्या वर्गांसाठी पाठाची आखणी

शरीरशास्त्राचा पाठ घेताना आपण बहुधा भिंतीवर तक्ता लावतो, तांबड्या व निळ्या रेषांवरून छडी फिरवतो आणि नावे पाठ करून घेतो. मुलांना नावे येतात. परंतु ज्याची ती नावे, ते रक्त या क्षणी आपल्याच मनगटाखाली वाहत आहे, ही जाणीव त्यांना होत नाही. हा पाठ तक्त्यावरून न शिकवता हातावरून शिकवावा, आणि तो संपल्यावर शिक्षकाने आपल्या वर्गाकडे एकवार नव्या दृष्टीने पाहावे, या हेतूने पुढील आखणी दिली आहे. पाचवीपासून पुढच्या वर्गांस ती दोन तासिकांत घेता येईल. सेकंदकाटा असलेले घड्याळ, हातरुमाल व लिटरचे माप, एवढे साहित्य पुरे.

१. आरंभ : नाडी आणि गणित

प्रत्येक मुलाने डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची तीन बोटे ठेवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये. अंगठ्याला स्वतःचेही स्पंदन असल्याने मोजणीत घोटाळा होतो. स्वस्थ बसून एक मिनिट ठोके मोजावेत, नंतर मैदानाला दोन फेऱ्या मारून पुन्हा मोजावेत आणि दोन्ही आकडे फळ्यावर मांडावेत. धावताना स्नायूंना प्राणवायू अधिक लागतो, म्हणून हृदय त्वरा करते, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे.

मग गणित घालावे. प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटास ७२ ठोके धरल्यास तासाभरात किती? उत्तर ३०० लिटरांहून अधिक येईल. पंधरा लिटरची घागर धरली तर या वीस घागरी झाल्या! परंतु प्रौढाच्या शरीरात रक्त असते ते अवघे पाच लिटर. मग वीस घागरी आल्या कोठून? तेच रक्त फिरून फिरून परत येत असले पाहिजे. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने याच रीतीच्या हिशेबाने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला व १६२८ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

२. रक्तवाहिन्या

हृदय म्हणजे एक पंप नव्हे, शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप होत. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते. डावी बाजू तेथून प्राणवायू घेऊन आलेले रक्त सर्व शरीरास पुरवते. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी, हृदयाकडे रक्त आणणाऱ्या त्या नीला. रोहिणीत दाब अधिक, म्हणून तिची भिंत जाड व लवचिक असते. नीलेची भिंत पातळ असते.

आपल्या जिल्ह्यातील मुलांना ठिबक सिंचन ठाऊक आहे. मुख्य नळ, त्याला फुटलेले उपनळ, त्यांपासून निघालेल्या बारीक नळ्या आणि शेवटी झाडाच्या मुळाशी पडणारा थेंब. रोहिणी अशाच फुटत फुटत केशवाहिन्यांपर्यंत जातात. केशवाहिनीची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते. त्या भिंतीतूनच प्राणवायू व अन्नरस ऊतींना मिळतो आणि टाकाऊ द्रव्ये रक्तात येतात. मात्र दृष्टान्ताची मर्यादाही सांगावी : शेतातले पाणी मातीत मुरते, रक्त नीलांवाटे परत येते. रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या या वाहिन्या हार्वेला पाहता आल्या नाहीत. त्याच्या निधनानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मालपीगी या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

३. हातरुमालाचा प्रयोग

हा प्रयोग शिक्षकाने स्वतःच्या हातावरच करून दाखवावा. कोपराच्या वर रुमाल बेताने बांधून मूठ आवळावी. हातावरील नीला फुगतात व त्यांवर मधून मधून गाठी दिसतात. या गाठींच्या ठिकाणी आत झडपा असतात. आता मनगटाकडील बाजूस एका बोटाने नीला दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तेथपासून कोपराकडे, एक गाठ ओलांडून, रक्त सारावे. मधला भाग रिकामा राहतो. वरचे रक्त खाली उतरत नाही. खालचे बोट उचलताच तो मनगटाकडून भरतो. विहिरीवरील पंपाच्या नळाला तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो जसा वर चढलेले पाणी खाली पडू देत नाही, तसेच हे कार्य होय. रुमाल दोन मिनिटांत सोडावा.

येथेच एक गोष्ट बजावून सांगावी. सर्पदंश झाल्यास हातापायाला दोरी आवळणे, जखम कापणे किंवा विष चोखणे ही तिन्ही कृत्ये घातक आहेत. आवळल्याने रक्तपुरवठा तुटून अवयव गमवावा लागतो. रुग्णाला धीर देऊन दंश झालेला अवयव हलू न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

४. रक्ताचे घटक

रक्तात सुमारे ५५ टक्के फिकट पिवळा रक्तद्रव व ४५ टक्के पेशी असतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. बिंबिका जखमेच्या तोंडाशी जमून रक्त गोठण्यास साहाय्य करतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात. एका घन मिलिमीटरमध्ये त्या सुमारे ५० लाख असतात व प्रत्येकीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. अस्थिमज्जेत नव्या पेशी अखंड तयार होत असतात. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवते, आणि हिमोग्लोबिन बनण्यास लोह लागते.

नीलेतील रक्त निळे असते, ही समजूत चुकीची आहे. ते गडद तांबडे असते. त्यास ‘अशुद्ध’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण त्याचा अर्थ घाणेरडे असा नव्हे. त्यात प्राणवायू कमी असतो, इतकेच.

रक्तगटांचा उल्लेख करताना आपल्या महाराष्ट्रातील शोध अवश्य सांगावा. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट ओळखला. तो जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. ‘ओ’ गटाच्या पेशींवर आढळणारा ‘एच’ हा घटकही या लोकांच्या पेशींवर नसतो. त्यामुळे त्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही, केवळ स्वतःच्याच गटाचे चालते. अशा माणसाचा जीव वाचवणारा दाता कोणत्या जातीचा वा धर्माचा, हे रक्त विचारीत नाही.

५. पाठ संपल्यावर

आता शिक्षकाने वर्गाकडे पाहावे. शेवटच्या रांगेत डोके टेकून बसणारा मुलगा, दोन फेऱ्यांतच धापा टाकणारी मुलगी, कितीही सांगितले तरी ध्यानात न राहणारे पोर, यांना आपण आळशी म्हणून मोकळे होतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर मेंदूस व स्नायूंस प्राणवायू अपुरा मिळतो. तेथे रागावून काय होणार? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील तपासलेल्या शंभर बालकांपैकी सुमारे ६९ जणांना, व १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. तीच बालके पुढे आपल्या पहिलीत येतात.

खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ व तळहात फिकट दिसल्यास पालकांना विश्वासात घेऊन मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. निदान वैद्याचे, नजर शिक्षकाची. मुलाला वर्गासमोर उभे करून त्याचा फिकेपणा दाखवू नये.

शाळेत आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी जेवणानंतर, आपल्यासमोर घेण्यास सांगावे. तिने शौचाचा रंग काळपट होतो. त्यास भिण्याचे कारण नाही, हे पालकांस आधीच कळवावे. जंतनाशक गोळीचेही तेवढेच महत्त्व आहे, कारण अंकुशकृमी अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरून आतड्यात रक्त शोषतात. बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, पालेभाजी यांबरोबर लिंबू, पेरू वा आवळा असावा. त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते.

स्वाध्याय : (१) घरातील तीन माणसांची नाडी मोजून नोंदवा. (२) नीलेत झडपा नसत्या तर उभ्या माणसाच्या पायांत काय झाले असते? (३) तांबड्या पेशी १२० दिवसांत नव्या होतात. मग लोहाच्या गोळ्या काही महिने नेमाने का घ्याव्या लागतात?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुले देऊ लागली, की पाठ सफल झाला असे समजावे.