दुसरीच्या वर्गाचे शरदातील सहा आठवडे



या पत्रिकेत आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांवर लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. आश्विन-कार्तिकाच्या दिवसांत आपल्या गावच्या शाळेत इयत्ता दुसरीच्या मुलांना आठवड्याला एक याप्रमाणे काय शिकवता येईल, घरच्या मोठ्या माणसांनी त्यात काय हातभार लावावा, याचा हा धडा आहे. शिकवण्याचे काम गुरुजींचे आणि बाईंचे. पण लागणारे साहित्य आपल्या शेतात आणि अंगणात पडलेले आहे, म्हणून शेतकी खात्याने दोन शब्द सांगितले तर वावगे होणार नाही.

दुसरीच का, आणि शरदच का?

पहिलीत मूल अक्षर ओळखते, तिसरीत पुस्तक वाचून शिकू लागते. या दोहोंमधला पूल म्हणजे दुसरी. जोडाक्षरे, दशक-एकक, हातच्याची बेरीज हे सारे याच वर्षी पक्के व्हावे लागते. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरचे उद्दिष्ट असे ठरवले आहे: मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात आणि लिहाव्यात, ९९ पर्यंतची वजाबाकी करावी.

आता आपल्या भागातली अडचण बघा. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर दुसरीतले पोरही निघते. ते मुळाच्या शाळेतून उठते आणि आपल्या शिवारात येऊन कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत बसते. जवळजवळ अर्धे शालेय वर्ष हातचे जाते. सभासदांच्या घरची पोरेही सुगीत आणि लागणीच्या दिवसांत चार दिवस शाळेत, दोन दिवस रानात अशी असतात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की या दिवसांतला धडा आठवड्याच्या मापाने बांधावा. सोमवारी सुरू झालेला विषय शनिवारी पुरा व्हावा. मग चौथ्या आठवड्यात येऊन बसलेल्या मुलालाही त्याच दिवसापासून वर्गाबरोबर चालता येते.

पहिला आठवडा : घटस्थापना – उगवण मोजणे

घरोघरी घट बसतात, तसाच एक वर्गात मातीच्या भांड्यात बसवावा. प्रत्येक गटाने गव्हाचे किंवा ज्वारीचे २० दाणे मोजून पेरावेत. रोज किती कोंब वर आले ते मोजावे आणि वहीत एकच वाक्य लिहावे, जसे 'आज सात कोंब आले.' शनिवारी हिशेब करावा. २० पैकी १७ उगवले तर न उगवलेले किती? आपण पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती पाहतो, तीच ही रीत.

दोन भांडी करून एक उन्हात आणि एक टोपलीखाली झाकून ठेवावे. झाकलेल्यातले कोंब पिवळे आणि लांबट होतात. देवघरातले घटाचे धान पिवळे का दिसते, ते मुलांना आपोआप कळते. तिथे उजेड कमी असतो.

दुसरा आठवडा : दसरा – पाने आणि गाणी

आपट्याचे एक पान म्हणजे जोडलेली दोन दले. अशी दहा पाने मांडली की दोनाचा पाढा समोर दिसतो. पान मधोमध दुमडले की दोन्ही बाजू एकमेकींवर बरोबर बसतात, हा आकारांचा धडा. मात्र फांद्या ओरबाडू नयेत, वर्गाला दहा पाने पुष्कळ झाली.

मग पानांची वर्गवारी करावी. ऊस, ज्वारी आणि मका यांच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात. आंबा आणि पिंपळ यांच्या शिरांची जाळी असते. उसाच्या पानाची कड हाताला कापते, म्हणून ते बाईंनी स्वतः दाखवावे.

याच दिवसांत मुली हादगा-भोंडला खेळतात. ती गाणी मुलांना तोंडपाठ असतात. पाठ असलेली ओळ फळ्यावर लिहून तिच्याखाली बोट फिरवत म्हणायला लावली, की कानाने ओळखीचा शब्द डोळ्यालाही ओळखीचा होतो. वाचनाला अडणाऱ्या मुलासाठी हा उपाय जरूर करून पाहावा.

तिसरा आठवडा : कोजागिरी – चंद्र आणि सावली

दशमीपासून पौर्णिमेपर्यंत रोज रात्री चंद्र पाहून त्याचे चित्र काढावे. हे काम घरचे असल्याने आजोबांनी बरोबर बसावे. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण पाऊण तासाहून थोडा अधिक उशीर करतो. दोन-तीन रात्री पाहिले की हे मुलाच्या लक्षात येते.

शाळेच्या पटांगणात एक मीटरची काठी उभी रोवावी. दर शनिवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास तिची सावली मोजावी, आधी वितीने आणि नंतर पट्टीने. आपल्या भागात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ती ४०-४५ सेंटिमीटरच्या आसपास भरते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ६५-७० पर्यंत जाते. सूर्य दक्षिणेकडे कलतो तशी सावली उत्तरेकडे लांबते. शाळा सकाळची असेल तर वेळ बदलावी, पण ठरवलेली वेळ मग मोडू नये.

चौथा आठवडा : पूर्वहंगामी लागण – दशक आणि एकक

हा आठवडा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

१५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर हा पूर्वहंगामी लागणीचा काळ. दोन डोळ्यांची टिपरी एकरी दहा हजारांच्या आसपास लागतात, म्हणजे वीस हजार डोळे. हा हिशेब आपण तोंडी करतो. दुसरीतल्या मुलाला तोच छोट्या मापात द्यावा. पाच टिपऱ्यांवर किती डोळे? आठ टिपऱ्यांवर किती? डोळ्यावर बोट ठेवून मोजले की पाढा नुसता घोकावा लागत नाही.

पुढे ज्वारीच्या धाटाचे बोटभर तुकडे मोठ्या माणसाने कापून शाळेत द्यावेत. कोयता मुलाच्या हाती देऊ नये. दहा तुकड्यांची एक मोळी सुतळीने बांधावी. मोळी म्हणजे दशक, सुटा तुकडा म्हणजे एकक. सहा मोळ्या आणि दोन सुटे म्हणजे ६२.

इथे एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात घ्यावी. आपण 'बासष्ट' म्हणतो तेव्हा दोन आधी बोलतो आणि साठ नंतर, पण लिहिताना सहा आधी येतो. म्हणून पुष्कळ मुले बासष्ट ऐकून २६ लिहितात. मूल मठ्ठ आहे म्हणून असे होत नाही, आपल्या संख्यानामांची घडणच तशी आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा विधिमंडळापर्यंत वाद गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी ही अडचणच पुढे मांडली होती. कोणाला पद्धत पटो न पटो, मोळ्या समोर ठेवून दोन्ही नावे म्हणून घ्यावीत. हातात सहा मोळ्या धरल्या की 'साठ' कळते, दोन सुटे ठेवले की 'बासष्ट' होते.

वजाबाकीही तशीच. ६२ मधून २७ काढायचे तर दोन सुट्यांतून सात निघत नाहीत. मग एक मोळी सोडावी. आता पाच मोळ्या आणि बारा सुटे झाले. त्यातून दोन मोळ्या आणि सात सुटे काढले की राहिले ३५. 'हातचा' म्हणजे सोडलेली मोळी, एवढे समजले की पुढची वर्षे गणित जड जात नाही. उद्या याच मुलाला काट्यावरची वजनाची पावती वाचून भरलेल्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करायचे आहे.

पाचवा आठवडा : दिवाळी – घरची शाळा

सुट्टी असली तरी शिकणे घरी चालू ठेवता येते. ठिपक्यांच्या रांगोळीत चार ओळी, ओळीत चार ठिपके, तर एकूण किती? अंगणातल्या किल्ल्याचा बुरूज किती विती उंच, दरवाजा कोणत्या दिशेला, त्यावर पेरलेले अळीव कितव्या दिवशी उगवले, हे मुलाने लिहून ठेवावे. दिवाळीची साखर घरी येते तेव्हा कार्डावरचे किलो मुलाकडून वाचून घ्यावेत आणि एक किलो, अर्धा किलो तराजूत तोलून दाखवावे. रात्री दहा मिनिटे आजीने नातवाचे वाचन ऐकावे. आजीला अक्षर येत नसले तरी चालेल, कारण ऐकणारे कोणी असले की मूल वाचते.

सहावा आठवडा : गळीत हंगाम – पाहुणे सोबती

मोळी पडून गाड्या सुरू झाल्या की वर्गाने कुंपणाच्या आतूनच अर्धा तास रस्त्यावरची वाहने मोजावीत. बैलगाडीची एक, ट्रॅक्टरची एक आणि ट्रकची एक अशा तीन ओळींत रेघा ओढाव्यात. पाचवी रेघ आडवी मारली की पाचापाचाने मोजता येते. जास्त काय, कमी काय, फरक किती, यांवर दहा गणिते होतात. रस्त्यावर जाऊन ऊस ओढण्याची सवय मात्र सक्त बंद ठेवावी.

टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांना याच आठवड्यात वर्गात बसवावे. त्यांनी आपल्या गावाचे नाव फळ्यावर लिहावे, नकाशावर जिल्हा दाखवावा, वाटेत कोणती गावे लागली ते सांगावे. त्यांच्याकडचे आणि आपल्याकडचे शब्द शेजारी शेजारी लिहावेत. वेगळे बोलतो म्हणून कोणी कोणाला हसू नये.

सभासदांनी काय करावे

१) टोळी आपल्या रानात उतरली की सहा ते चौदा वर्षांची मुले किती, हे मुकादमाला विचारावे आणि मुख्याध्यापकांना कळवावे.

२) 'दाखला नाही' म्हणून मूल परत पाठवू देऊ नये. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.

३) आई-बाप पहाटेच फडात जातात, आणि धाकटे भावंड सोडून दुसरीतले मूल शाळेत येऊ शकत नाही. धाकट्याची सोय अंगणवाडीत झाली तरच थोरले वर्गात बसेल. दोघांची चौकशी एकत्रच करावी.

४) टोळी दुसऱ्या गटात हलली तर मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर गुरुजींनी दोन ओळी लिहाव्यात: कोणते आठवडे झाले, वाचन कुठवर आले, मोळ्यांची वजाबाकी जमते की नाही. पुढच्या शाळेला तेवढे पुरते.

५) लागण असो की खुरपणी, आपले दुसरीतले पोर शाळेच्या वेळेत रानात नेऊ नये.

घटस्थापनेपूर्वी ज्यांना शक्य आहे त्यांनी एक पाटी माती, शेरभर धान्य आणि शे-दोनशे धाटाचे तुकडे गावच्या शाळेत पोहोचवावेत. टोळ्यांतील मुलांची संख्या मुख्याध्यापकांबरोबरच आपल्या गटाच्या चिटबॉयलाही सांगावी, म्हणजे ती आमच्या गट कार्यालयात नोंदवता येईल.

– ऊस विकास अधिकारी