पंप बदलायच्या आधी

बाई गं, जुन्या ट्रकला दुसऱ्या इंजिनाचा डिझेल पंप बसवायचा घाट तुमच्याकडे घातलाय आणि त्यासाठी तुझ्या पाटल्या मोडायच्या, हे ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. जावईबापूंची अडचण मला कळते. भडगावहून केळी भरून इंदूरकडे निघालं की बिजासन घाटात गाडी धापा टाकते, मागे काळा लोट, अ‍ॅव्हरेज पडलेलं. आणि केळी तर वाट बघत नाहीत. तरी पैसे हातातून सुटण्याआधी माझं ऐक.

काळा धूर म्हणजे आत गेलेलं डिझेल पुरतं जळत नाही. त्याला पंपच कारण असेल असं नाही. एअर फिल्टर तुंबला असेल, टायमिंग सरकलं असेल, नोजल गळत असेल. अशा जुन्या इंजिनांत नोजल बहुधा २०० ते २५० बार दाबाला उघडतं. आतली स्प्रिंग मऊ पडली की ते आधीच उघडतं आणि तुषार उडायच्या जागी धार पडते. म्हणून आधी नोजल टेस्टिंगला द्या, पंप उतरवून बेंचवर चढवा, कॅलिब्रेशन करून घ्या. प्रत्येक सिलिंडरला सारखं डिझेल जातंय का, हे तिथे उभं राहून बघायचं. तूसुद्धा जा. सोनं तुझं आहे, प्रश्न विचारायला लाजू नकोस.

मिस्त्री ज्याला लाइन पंप म्हणतात, त्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असतो आणि खालच्या कॅमला इंजिन ऑइल मिळतं. बॉश कंपनीने हा पंप 1927 साली कारखान्यातून काढायला सुरुवात केली. 1951 मध्ये बंगळुरूला असे पंप बनवणारी मायको कंपनी उभी राहिली, म्हणून आपल्याकडे जुने फिटर आजही ‘मायको पंप’च म्हणतात. रोटरी पंपात बहुधा एकच प्लंजर सगळ्यांना डिझेल वाटतो आणि त्याचं वंगणही डिझेलच. डिझेलमध्ये पाणी किंवा रॉकेल मिसळलेलं असलं की तो लवकर खलास होतो. बॅरलमधलं डिझेल भरायची सवय असेल, तर रोटरीच्या वाटेला जाऊच नका.

आणि पंप बदलणं म्हणजे चार बोल्ट खोलणं नव्हे. टायमिंग गिअर, ब्रॅकेट, सारख्या लांबीचे हाय प्रेशर पाइप, फिरण्याची दिशा, फायरिंग ऑर्डर, सगळं जुळावं लागतं. पंपावरचा गव्हर्नर तुमच्या इंजिनाच्या आरपीएमचा नसेल तर इंजिन मर्यादेबाहेर पळतं. डिझेल वाढवून पिकअप येतो खरा, पण उष्णताही वाढते. मग हेड गॅस्केट, पिस्टन, क्लच एकामागून एक पैसे मागतात. भंगारातून कॉमन रेलचा संच आणून बसवू म्हणणाऱ्याला तर दारात उभं करू नका. तिथे दाब हजार बारच्या पुढे, सेन्सर आणि ईसीयू लागतो, नोजल वेगळं, पिस्टनची वाटीसुद्धा वेगळी.

कागदाचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा आरटीओला लेखी विचारल्याशिवाय वेगळ्या जातीचा पंप नको. पुढे अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं, तर घर कोण चालवणार?

मला विचारशील तर पंप संपलाच असेल, तर त्याच मॉडेलचा दुरुस्त केलेला घ्या, बिल घ्या, सील बघा. त्याने गाडी घाट चढते. पुढच्या पासिंगच्या आधी एवढं कराच, आणि बेंचवर काय आकडे आले ते मला त्याच रात्री फोन करून सांग.