अंदाजपत्रकाविषयी पुतण्यास पत्र

अंबरनाथ

चि. बाळ,

उल्हासनगरच्या मालमत्ता-कराच्या संगणकप्रणालीसाठी तुमची कंपनी निविदा भरणार असून खर्चाचे अंदाजपत्रक तुझ्याकडे सोपविले आहे, हे वहिनींकडून कळले. आज्ञावली लिहिण्याचे श्रम तू नीट मोजशील, याविषयी मला शंका नाही. माझी काळजी दप्तराविषयी आहे.

१९४९ साली लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांसाठी वसविलेल्या त्या शहरात पत्ते आजही कॅम्प, बॅरॅक आणि ब्लॉक यांच्या क्रमांकांनी सांगितले जातात. मूळच्या बॅरॅकींच्या जागी वाटण्या झाल्या, मजले चढले, खाली दुकाने आणि कारखाने आले, आणि अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली राज्याला स्वतंत्र अधिनियम करावा लागला. अशा ठिकाणी कोणती मिळकत कोणत्या खात्याची, वारसाचे नाव चढले किंवा नाही, एकच नाव दोन वह्यांत दोन प्रकारे लिहिले गेले आहे काय, थकबाकी कोणाकडे निघते, याची खातेनिहाय रुजवात घालण्यात जे मनुष्यमास खर्ची पडतील, ते संगणकापुढे बसून कळणारे नाहीत.

संगणकतज्ज्ञ बॅरी बोहम यांनी १९८१ साली आज्ञावली-निर्मितीच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, प्रकल्प केवळ कल्पनेच्या अवस्थेत असताना केलेला अंदाज चौपटीपर्यंत कमी वा अधिक ठरू शकतो. त्यांच्याच सूत्रानुसार, अत्यंत जाचक अटींच्या कामात आज्ञावलीचा आकार दुप्पट झाला की श्रम सुमारे २.३ पट होतात. म्हणून एकच आकडा लिहून देऊ नकोस. किमान व कमाल मर्यादा दे, प्रत्येक गृहीतक स्वतंत्र परिच्छेदात नोंदव, आणि गरजा निश्चित झाल्यावर फेरअंदाज करण्याची अट मसुद्यातच घाल. बोली किती लावावी हा मालकांचा अधिकार आहे. परंतु ती उतरविण्यासाठी तुझ्या हिशेबातले महिने कोणी कापू लागल्यास नम्रपणे, पण लेखी नकार दे. मागाहून माणसे वाढवू, असे आश्वासन मिळेल. उशिरा चाललेल्या कामात माणसे वाढविल्यास ते अधिकच रेंगाळते, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे.

मसुदा घेऊन अवश्य ये, आपण दोघे तो ओळीने तपासू; मात्र त्यापूर्वी कर विभागातील जुन्या कारकुनांना भेट आणि परवानगी काढून निदान एका प्रभागाच्या नोंदवह्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ये.

तुझा काका