पैसा आपला, मग बैठकीचं दार बंद का?

प्रश्न : आमचं गाव अकोट तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. गावात किडनीच्या तक्रारी फार. ओळखीच्या एका डॉक्टरांनी इथलं पाणी आणि किडनीचे आजार यांचा संबंध तपासण्यासाठी दिल्लीला संशोधन अनुदानाचा अर्ज केला आहे. ज्या बैठकीत त्याचा निर्णय होणार ती बंद दाराआड असते, बाहेरच्या कुणालाही तिथं बसता येत नाही, असं कळलं. ग्रामसभा सगळ्यांसमोर होते, विधानसभेत प्रेक्षक सज्जा असतो, निविदासुद्धा सगळ्यांसमोर उघडतात. मग आमच्याच पैशाचा हा निर्णय दार लावून का? कुठे पाणी तर मुरत नाही ना?
— एक वाचक भगिनी, अकोट (जि. अकोला)

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. अर्जावरची चर्चा ऐकायला आपल्याला का बसू देत नाहीत, हा एक. त्या चर्चेतून काय ठरलं आणि पैसा कुठे गेला, हे आपल्याला कळू शकतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर असं, की त्याला पटण्याजोगी कारणं आहेत. दुसऱ्याचं उत्तर ‘हो, कळू शकतं’ असं आहे. लोक हे दोन्ही एकच समजतात, आणि संशय तिथून सुरू होतो.

आधी अर्ज जातो कुठे ते पाहू. आपल्या देशात वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी मोठी सरकारी संस्था म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजेच आयसीएमआर. कोविडच्या दिवसांत हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचलं. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावती विद्यापीठात तपासण्या सुरू झाल्या त्या तिच्याच मान्यतेनं. संस्था मात्र जुनी आहे. १९११ साली ती ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ या नावानं सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेतच. शिवाय वैद्यकीय महाविद्यालयं, विद्यापीठं आणि सेवाभावी संस्था यांनाही ती प्रकल्पांसाठी पैसा देते. अर्ज ऑनलाइन जातो. तो नियमांत बसतो का हे आधी पाहतात, मग त्या विषयातले जाणकार तो वाचतात आणि शेवटी तज्ज्ञांची समिती बसून एकेका अर्जाचा कीस काढते. तुम्ही म्हणता ती बंद दाराची बैठक ही.

आता निविदेचं उदाहरण घेऊ, कारण गुंता तिथंच सुटतो. निविदेत तुलना होते ती मुख्यतः दराची. पाकीट उघडतात तोवर सगळ्यांचे दर आत गेलेले असतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा ऐकून कुणाला आपला बदलता येत नाही. उघडं करण्यात नुकसान कुणाचंच नाही, फायदा सगळ्यांचा. संशोधनाच्या अर्जात मात्र किमतीचा माल म्हणजे कल्पनाच. कोणत्या गावांतून पाण्याचे नमुने घ्यायचे, कोणते घटक मोजायचे, खारं पाणी पिणाऱ्यांची तुलना कुणाशी करायची, आतापर्यंत हाती काय लागलं, हे सगळं त्या कागदांत असतं. काम अजून सुरूही झालेलं नसतं. हे भर सभेत वाचून दाखवलं, तर मोठी प्रयोगशाळा आणि मोठं मनुष्यबळ असलेला दुसरा कुणीही तेच काम आधी उरकू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी बसून अर्ज करणाऱ्या डॉक्टरांचं नुकसान त्यात सर्वांत जास्त. शिवाय औषध किंवा उपकरणाची कल्पना असेल तर पेटंटचा प्रश्न येतो. पेटंटच्या अर्जाआधीच जगजाहीर झालेली गोष्ट ‘नवी’ राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट मिळत नाही.

ही भीती पोकळ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं, म्हणजे एनआयएचनं, ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या हजारो संशोधन संस्थांना पत्र लिहून इशारा दिला होता. परीक्षण करणाऱ्या काही तज्ज्ञांनी गोपनीय अर्जांतला मजकूर बाहेरच्यांना पुरवल्याचं तिच्या लक्षात आलं होतं. दार बंद असूनही असं घडतं, तर उघडं ठेवल्यावर काय होईल?

दुसरं कारण माणसाच्या स्वभावातलं आहे. घरात स्थळाची चर्चा चालते तेव्हा मोठी माणसं दार ओढून घेतात. त्यात कुणाच्या लेकीचं वाईट चिंतायचं नसतं. पण ‘इथं जमणार नाही’ हे स्पष्ट बोलायचं असतं आणि ते गावभर व्हायला नको असतं. संशोधनाचं तसंच आहे. एका विषयातले जाणकार देशभरात मोजके असतात आणि एकमेकांना ओळखतात. ‘ही पद्धत चुकीची आहे’, ‘इतक्या कमी रुग्णांवरून काही सिद्ध होणार नाही’ हे अर्जदारासमोर आणि प्रेक्षकांसमोर म्हणायला बहुतेक जण कचरतील. मग सगळेच गोड बोलतील, आणि कच्च्या प्रकल्पांनाही आपलाच पैसा जाईल. नाकारलेल्या अर्जदाराचीही अब्रू असते. तोच डॉक्टर पुढच्या वर्षी सुधारलेला अर्ज घेऊन येणार असतो.

तिसरं कारण फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही, मला मात्र ते फार महत्त्वाचं वाटतं. अर्जात रुग्णांची नावं नसतात; पण नाव नसलं म्हणजे ओळख लपली असं नाही. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातल्या पंचवीस-तीस घरांच्या पाड्यावर सिकलसेल या आनुवंशिक आजाराचा अभ्यास करायचा आहे, असं समजा. ‘या पाड्यावर तीन कुटुंबांत हा आजार आढळला’ एवढं एकच वाक्य बाहेर गेलं, तरी पंचक्रोशीला ती कुटुंबं कळतात. त्या घरच्या मुलामुलींच्या लग्नात ते आडवं येतं.

हे झालं दार लावण्याबद्दल. आता तुमचा ‘पाणी मुरण्या’चा संशय. तो मी उडवून लावणार नाही. बंद दार कल्पनेला जपतं, तसंच ते आळसाला आणि वशिल्यालाही जपू शकतं. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं देशाच्या औषध नियंत्रण यंत्रणेवर अहवाल दिला होता. नव्या औषधांची शिफारस करणाऱ्या वेगवेगळ्या शहरांतल्या तज्ज्ञांची पत्रं जवळपास शब्दशः सारखी असल्याचं समितीला दिसलं, आणि त्यामागे कंपन्यांचा अदृश्य हात असल्याचा संशय तिनं उघडपणे नोंदवला. ती अनुदानाची नव्हे, औषध मंजुरीची गोष्ट. पण तज्ज्ञ मंडळी एकांतात मत देतात तिथं नजर हवीच, हे त्यातून दिसलं. म्हणूनच समितीतल्या सदस्याचा अर्जदाराशी किंवा त्याच्या संस्थेशी संबंध असेल, तर त्यानं त्या अर्जापुरतं बाहेर जावं, अशी रीत अशा परीक्षणात पाळायची असते.

अमरावतीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलेलं इथंच सांगतो. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची एक छोटी संशोधन शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. तिच्या प्रस्तावात स्वतःचं, मार्गदर्शकाचं किंवा महाविद्यालयाचं नाव येऊ द्यायचं नसतं, ते का? कारण हेच. वाचणाऱ्यानं कागदाकडे पाहावं, कॉलेजच्या पाटीकडे नाही. अमरावतीचा आणि मुंबईचा प्रस्ताव एकाच तराजूत तोलला जावा, म्हणून हा पडदा.

‘बंद बैठका आपल्याकडेच होतात’ असाही एक समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत १९७६ पासून सरकारी मंडळांच्या बैठका खुल्या ठेवण्याचा कायदा आहे, तरी तिथंही अनुदान अर्जांचं परीक्षण दार लावूनच होतं. फरक असा, की बैठक कधी आहे आणि ती कोणत्या कारणानं बंद ठेवली आहे, हे तिथं राजपत्रात आधी छापतात. दार लावलं आहे हे उघडपणे सांगण्याची ही पद्धत मला मनापासून आवडते.

आपल्याकडे खास बैठकांसाठी असा कायदा नाही. पण माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये एक उपकलम आहे, त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. आपल्याकडे कोणती मंडळं आणि समित्या आहेत, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहायला मिळतं का, हे प्रत्येक सरकारी संस्थेनं कुणी न विचारताच जाहीर करायचं असतं. बैठक बंद ठेवता येते, पण ती बंद आहे हे लपवता येत नाही.

कलम ८ मध्ये अपवाद आहेत. जी उघड केल्यानं अनुदानाच्या अर्जदाराच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसेल अशी बौद्धिक संपदा आणि व्यापारी गुपितं त्यात येतात. तरीही मोठं जनहित असेल तर तीही उघड करता येतात. कलम १० सांगतं, की कागदातला काही भाग गोपनीय असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यावा. म्हणजे ‘बैठक गोपनीय होती’ एवढं म्हणून अख्खी फाइल नाकारता येत नाही. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, कोणत्या संस्थेला किती रुपये मिळाले, काम पुरं झालं का, हे विचारण्यात कसलीच अडचण नाही.

तुमच्या डॉक्टरांचा हक्क याहून एक पाऊल पुढचा आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीबीएसईच्या खटल्यात सांगितलं, की विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल, परीक्षकाचं नाव मात्र उघड करायचं नाही. त्याच धर्तीवर, परीक्षकांची नावं झाकून स्वतःच्या अर्जावरचे अभिप्राय मागता येतात, आणि ते मागावेतच. पुढचा अर्ज त्यातूनच सुधारतो.

एक भेद मात्र ध्यानात ठेवा. ‘या कल्पनेला पैसा द्यावा का’ हा प्रश्न दाराआड सुटू शकतो. ‘हे लोकांच्या ताटात यावं का’ हा प्रश्न दाराआड सुटू नये. जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याला केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांतली एक आपल्या नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती मिळाली.

आणि सामान्य माणसाला आत जागाच नाही, असंही नाही. प्रकल्प मंजूर झाला तरी माणसांवरचा अभ्यास नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय सुरू करता येत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या समितीत वैद्यकीय क्षेत्रात नसलेला एक सामान्य नागरिक असावा लागतो. गावकऱ्यांना दिलेला संमतीचा कागद त्यांना कळेल अशा भाषेत आहे का, हे विचारणं त्याचं काम. ही बैठकही बंद असते, पण तिथली एक खुर्ची तुमच्या-आमच्यासारख्याची आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करायचा तेही सांगतो. आयसीएमआर केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून माहितीचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर किंवा टपालानं करा. शुल्क १० रुपये. टपालानं पाठवताना पोस्टल ऑर्डर जोडा, आपल्याकडचा कोर्ट फी स्टॅम्प तिथं चालत नाही. माहिती का हवी, हे लिहायची गरज नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

आणि ताई, तोवर एक काम गावात करता येईल. तुमच्या गावच्या विहिरी-बोअरच्या पाण्याच्या तपासणीचे जेवढे जुने अहवाल ग्रामपंचायतीत असतील, तेवढे शोधून तारखेनुसार लावून ठेवा आणि त्यांच्या प्रती डॉक्टरांना द्या. समितीपुढे अशा कागदांना वजन असतं.