डाव्या सीटवरचा न्यायाधीश

जानेवारीत त्यागराज आराधनेसाठी तिरुवय्यारला गेलो होतो. तंजावरहून भाड्याची गाडी केली. मी ड्रायव्हरशेजारी, मागे ही आणि हिचा भाऊ. अंतर जेमतेम १३ किलोमीटर, पण तेवढ्यात वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच नद्या. गावाच्या नावातच त्या आहेत: 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी.

आपण सह्याद्रीकडची माणसं, घाट लागला की आपोआप सावरून बसतो. इथे सगळं सपाट, म्हणून मी निर्धास्त होतो. पण इथले रस्ते नदी-कालव्यांच्या काठानं जातात. पाणी वळलं की रस्ताही वळतो, आणि नेमकी वळणावर केळीची बाग उभी असते.

पुढे बस होती. ड्रायव्हरनं गाडी उजवीकडे काढली आणि माझ्या पोटात गोळा आला. समोर बसची पाठ, पलीकडचं काही दिसेना. मी नसलेला ब्रेक दाबला, "अण्णा, अण्णा!" म्हणून ओरडलो. "बयप्पडादींग, सार," तो म्हणाला. त्यातलं भय आपलंच, त्यामुळे अर्थ कळला. भीती गेली नाही. बस मागे पडली तेव्हा पुढचा रस्ता पुलापर्यंत मोकळा होता. तरी मी त्याला बेफाम ठरवून टाकलं.

दुपारी परतताना एका आडरस्त्यावर भातानं लादलेली ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे आली. सरळसोट रस्ता, लांबवर एक मोपेड. या वेळचं ओव्हरटेक मला इतकं सफाईदार वाटलं, की मीच मागे वळून म्हणालो, "बघा, आता कसा शिस्तीत चालवतोय." तेवढ्यात ही किंचाळली. मोपेड आडवी पडली होती आणि नवरा-बायको दोघंही भातात.

त्यांना फक्त खरचटलं होतं. आमचा धक्का लागलाच नव्हता, आणि ड्रायव्हर तेच पुन्हा पुन्हा सांगत होता. ते खरंही होतं. सांबा हंगामाच्या कापणीचे दिवस. सरकारी खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांवर ओलावा असला की भात घेताना खळखळ करतात, म्हणून शेतकरी ते तापल्या डांबरावर वाळत घालतात. मोपेडच्या बाजूचा अर्धा पट्टा त्या भातानं अडवला होता, कडेला दगडांची ओळ. उरलेला अर्धा आम्ही घेतला. टायरखाली दाणे छर्ऱ्यांसारखे फिरतात. तिथे ब्रेक मारला की दुचाकी गेलीच.

सकाळी मी घाबरलो, पण चुकीच्या ठिकाणी. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला बसच्या कडेनं पुढचं दिसतं. डावीकडच्याला फक्त बस. (रस्ता डावीकडे वळत असेल तर नेमकं उलटं. तेव्हा शेजारच्याला आधी दिसतं, आणि तेव्हा त्यानं बोलावंच.) शिवाय सकाळी तो बसपासून चांगला मागे राहिला होता, डोकावून मगच बाहेर पडला. दुपारी मात्र ट्रॉलीला चिकटून होता. चिकटणाऱ्याला पुढचं दिसत नाही, मग तो हॉर्नवर भिस्त ठेवतो. मी ड्रायव्हर जोखतो तो आता यावरून.

एक हिशोबही करून पाहिला. ४० च्या वेगानं चाललेली बस आपण ६० नं ओलांडतो, तेव्हा फरक सेकंदाला साडेपाच मीटरचा. बस, आपली गाडी आणि मागेपुढे सोडायची जागा मिळून ४५ मीटर धरले तर आठ सेकंद लागतात. तेवढ्यात आपण १३३ मीटर जातो आणि समोरचाही ६० नं येत असेल तर तोही तेवढाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ६० च्या वेगाला ओव्हरटेकसाठी ३०० मीटर पुढचं दिसायला हवं असं आहे, ते उगाच नाही. आणि हे ३०० मीटर नुसते दिसून भागत नाही. समोरच्याला बाजूला व्हायला साइडपट्टी आहे की कालवा, की कुणाचं भात, तेही बघावं लागतं.

ट्रकवाला हात दाखवून 'जा' म्हणतो, तेव्हा आपला ड्रायव्हर उसन्या डोळ्यांनी चालवत असतो. समोरून कुणी दिवे मारले तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतोय, थांब'. इंग्लंडात बहुधा 'तुम्ही जा'. परदेशातून सुट्टीवर येऊन गाडी चालवणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि गाडी एकदा उजवीकडे गेली की ओरडू नये. सकाळी माझ्या आरड्यानं तो मधेच बिचकला असता तर? 'घाई नाही' हे निघतानाच सांगून ठेवावं.

"दाजी, वाचलो म्हणायचं," मेहुणा म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. भाताची मालकीण, एक म्हातारी, विस्कटलेले दाणे पायानं सारत होती. त्या भातातून एका टायरचा लांब पट्टा गेला होता. मोपेडचा नव्हे, आमचा. ड्रायव्हरनं तो पाहिला, बोलायचा थांबला, चपला काढल्या आणि तिच्याबरोबर पायानं भात सारू लागला.