सोसायटीचं खत विकायचंय? आधी हे बघा

प्रश्न : आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत होतं. उरलेलं पिशव्यांत भरून विकता येईल का? परवाना लागेल का?

उत्तर : आवारातल्या झाडांना खत घालायला वेगळा खतपरवाना लागत नाही. उलट, कचरा जिथला तिथे जिरवावा, अशीच कायद्याची अपेक्षा आहे. पुण्यात तर त्यासाठी मिळकतकरात सवलतही मिळते, ती जरूर मागा.

विक्रीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे 1985चा खत नियंत्रण आदेश लागू होतो आणि कृषी विभागाकडे अर्ज करावा लागतो. या आदेशानुसार ‘सिटी कंपोस्ट’साठी, म्हणजे शहरी कचऱ्यापासूनच्या खतासाठी, ओलावा 15 ते 25 टक्के, सेंद्रिय कर्ब किमान 12 टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर 20 पेक्षा कमी हवं. शिसं किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या आत, पारा तर 0.15 च्या आत.

पाऱ्याची ही मर्यादा फार कडक आहे आणि ती तशीच असायला हवी, कारण त्या मातीत कोणी मेथी-पालक लावणार असतं. फुटलेली ट्यूबलाइट किंवा घड्याळाचा सेल ओल्या डब्यात गेला, की नंतर कितीही चाळा, उपयोग नाही. म्हणून अर्जाआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. मूठभर खत दाबल्यावर पाणी टपकलं, तर ते अजून नमुन्यालाही तयार नाही.